आठ जागांची गाडी

फेब्रुवारीतला शेवटचा रविवार, सकाळचे सहा, डोंबिवली पूर्वेचा मानपाडा नाका. गाडी आठ माणसांसाठी ठरवलेली, भाडं जाऊन-येऊन सोळाशे रुपये. हजर दोघं, सबनीस साहेब आणि मी. बाळारामही होता, पण गाडी त्याचीच आणि चालवणारही तोच, म्हणून त्याला हजेरीत धरत नाही.

सबनीसांच्या हातात कापडी पिशवी होती. तीत आठ संत्री, आठ काकड्या, मिठाची पुडी आणि भाजलेले शेंगदाणे. पिशवी त्यांनी खाली ठेवली नव्हती. ते एकदा रस्त्याच्या या बाजूला बघत, एकदा त्या बाजूला.

"शेट, बाकीची मानसां कवा येतील?" बाळारामने विचारलं.

"येतील. थांबू थोडं."

हा माणूस कधी कुणासाठी थांबत नसे. सहा म्हणजे सहा. एकदा मीच रिक्षातून उतरत होतो आणि समोरून गाडी निघून गेली होती. तेच सबनीस त्या दिवशी का थांबले, हे सांगायचं तर नोव्हेंबरपासून सांगायला हवं.

आमची कंपनी रंगांना लागणारी पावडर बनवायची. मानपाड्याजवळ एमआयडीसीत तिचं लहानसं युनिट होतं आणि मी तिथं बावीस वर्षं अकाउंट्सला होतो. दिवाळी झाल्यावर पुण्याच्या मुख्य ऑफिसने सबनीसांना आमच्याकडे पाठवलं, ते युनिट बंद करायला. मार्चअखेर कुलूप. आम्ही सगळे मिळून एक्केचाळीस जण. त्यातल्या नऊ जणांना पुण्याजवळच्या नव्या युनिटात घेणार होते, बाकीच्यांचा हिशेब करून मोकळं करणार होते. सबनीसांनी ही बातमी कॅन्टीनमध्ये दिली. आम्हाला सगळ्यांना बसायला लावलं आणि स्वतः उभं राहून सांगितली. नऊ कोण ते पुणं ठरवणार, असंही त्याच वेळी स्पष्ट सांगितलं. मग म्हणाले, "काही विचारायचंय?"

कुणी काही विचारलं नाही. एकेक जण टेबलाकडे बघत होता. तेव्हा त्यांनीच विचारलं, "त्या खिडकीतून डोंगर दिसतायत, ते कुठले?"

एक्केचाळीस माणसं मान वळवून खिडकीबाहेर बघायला लागली. बावीस वर्षं मी त्या खिडकीशी बसून रोज डबा खाल्ला होता.

"तो मलंग, साहेब," डिस्पॅचचा भोईर म्हणाला. भोईर इथल्याच गावचा, अठ्ठावीस वर्षांचा, आमच्यात वयाने सगळ्यांत लहान.

"आणि त्याच्या बाजूचा?"

"तो... तो पण डोंगरच आहे, साहेब."

एवढ्या वाईट दिवशीही कुणीतरी फिसकन हसलं. सबनीस हसले नाहीत. त्यांनी पुढचं विचारलं, "रविवारी जवळपास चढण्यासारखं काय आहे?"

"चढण्यासारखं?" स्टोअरचे शिर्के म्हणाले. "साहेब, घोडबंदर रोडला मोठमोठे मॉल झालेत. एसी. आख्खा दिवस जातो."

"मॉलमध्ये जिनेच चढवतात माणसाला. आपलं आपण चढायचं, असं काही?"

लॅबच्या माधुरी नाईक माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "बघा लेले, आपल्या घरात आग आणि यांना सहल सुचतेय."

सबनीस सत्तावन्न वर्षांचे होते. अंगाने बारीक, केस बारीक कापलेले, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मनगटाचं बटण कितीही उकडलं तरी लावलेलं. स्टेशनजवळच्या लॉजवर राहायचे. आमच्या आधी त्यांनी चार युनिटं बंद केली होती आणि त्या चारही गावांची आठवण ते तिथल्या डोंगरावरून काढायचे. "तिथं टेकडी बुटकी होती, पण वर पाण्याचं टाकं होतं." "तिथं चढ सोपा, ऊन फार." त्या गावातल्या माणसाचं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

ते आमच्याकडचा चहा घेत नसत. कॅन्टीनचं कूपन स्वतः विकत घेत. भोईरच्या घरून एकदा तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी आली, ती सगळ्यांनी खाल्ली, सबनीसांनी लांबूनच हात जोडले. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "लेले, मी ज्या कामाला आलोय त्या कामाला आलेल्या माणसाने पाहुणचार घेऊ नये. नंतर दोघांनाही जड जातं."

पहिल्या रविवारी वाट दाखवायला म्हणून भोईर त्यांना मोटरसायकलवरून येऊरला घेऊन गेला. ठाण्याच्या डोक्यावरचं ते जंगल. वन खात्याच्या फाटकावर नाव लिहून आत जायचं आणि दुपारपर्यंत परतायचं. सोमवारी दुपारी सबनीस स्टोअरच्या दारातून जाताना भोईरला म्हणाले, "तुझी चाल चांगली आहे. दमत नाहीस."

एवढंच. पण ते शिर्क्यांनी ऐकलं.

शिर्के तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते. मूळचे चिपळूणकडचे. मानपाड्याला नव्या इमारतीत वन बीएचके घेतलेला, त्याचे हप्ते अजून नऊ वर्षं चालणार होते. मुलगी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. त्या वयात आणि त्या कामात दुसरीकडे कुणी घेत नाही, हे त्यांना ठाऊक होतं, आम्हालाही होतं. संध्याकाळी ते माझ्या टेबलाशी आले.

"लेले, मला एक सांगा. पुण्यात स्टोअर तर असणारच ना?"

"असणार."

"मग तिथं दमणारा माणूस कोण घेईल?" त्यांनी आवाज खाली आणला. "हे फिरणंबिरणं सगळं वरवरचं. बघतायत ते. कोण कसा चालतो, कोण किती खेचतो."

मी म्हणालो, असं काही नसेल. पण मी ते फारसं जोर लावून म्हणालो नाही. घरी गेल्यावर मी हे बायकोला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मग तुम्ही का नाही जात?"

पुढच्या रविवारी आम्ही सात जण होतो. त्याच्या पुढच्याला आठ, आणि गाडीत आठच बसत म्हणून तेवढ्यावर थांबलो. मलंगच्या रांगेतला ताहुलीचा डोंगर, कुशिवलीचा कोरडा ओढा, परत येऊर, असे रविवार गेले. हिशेबातला माणूस म्हणून वर्गणी माझ्याकडे आली. येणं-जाणं आणि खाणं धरून माणशी जे पडेल ते मी परतीच्या वाटेवर गाडीतच गोळा करायचो. सबनीस आपला वाटा सगळ्यांत आधी, सुटे पैसे करून द्यायचे. कुणी "राहू द्या, साहेब" म्हटलं तर त्यांचा चेहरा बदलायचा.

डोंगरावर त्यांचे नियम तीन. प्रत्येकाने दीड लिटर पाणी स्वतः उचलायचं. अकरा वाजले की जिथं असू तिथून मागे फिरायचं, वर पोचलो असू वा नसू. आणि वर ऑफिसचा विषय काढायचा नाही.

या तिसऱ्या नियमानेच सगळा घोळ झाला. बोलायची बंदी म्हटल्यावर आमच्या लोकांना खात्री पटली की ही तोंडी परीक्षा नाही, चालीची आहे. मग जो तो पुढे राहायला बघू लागला. परचेसचे एक गृहस्थ, ज्यांना रोज दुसरा मजला चढताना मी कठड्याला धरून उभं राहिलेलं बघितलं होतं, ते सबनीसांच्या पाठोपाठ "काय हवा आहे, साहेब, काय हवा!" असं धापा टाकत म्हणत चालायचे. शिर्क्यांनी दोन हजारांचे बूट घेतले आणि इमारतीच्या सात मजल्यांचा जिना रोज रात्रीच्या जेवणाआधी चढायचा सराव सुरू केला. लिफ्ट बंद आहे असं समजून शेजारीही त्यांच्यामागे चढू लागले, ही गोष्ट त्यांनी स्वतःच हसत सांगितली होती. तेव्हा ते अजून हसत होते.

माधुरीबाई एकदाच आल्या. उतरल्यावर मला म्हणाल्या, "माझ्या घरात दोन पगार आहेत, म्हणून मला एवढी भक्ती जमत नाही. पण लेले, तो माणूस बघितलात? खरंच खूश आहे हो. त्याला काही कळलेलं नाहीये."

त्या बोलल्या ते खरं होतं. ऑफिसात मोजके शब्द बोलणारे सबनीस डोंगरावर वेगळेच असायचे. थांबा आला की पिशवी उघडायची, काकडी उभी चिरून मीठ लावून प्रत्येकाच्या हातावर ठेवायची. परचेसवाल्यांना धाप लागली की स्वतःच बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसायचे, म्हणजे त्या गृहस्थांना थांबल्याची लाज वाटायला नको. एकदा शेवरीच्या निष्पर्ण झाडावर लाल फुलं आलेली दिसली तर ते सगळ्यांना हाका मारत मागे पळत आले. "अहो चला, चला! शिर्के, इकडे या, इथून बघा!" शिर्के धावत गेले, फुलं बघितली आणि म्हणाले, "फार छान, साहेब. मी नाही दमलो."

सबनीस म्हणाले, "कुठं म्हटलं मी दमलात?"

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात माहुलीचा किल्ला ठरला. आसनगावकडचा, इथल्या सगळ्या डोंगरांत उंच आणि चढाला वाईट. मी शिर्क्यांना एकीकडे घेऊन सांगितलं की हा तुम्ही सोडा. ते म्हणाले, "याच्यानंतर नावं निघणार, लेले. हाच कसा सोडू?"

निम्म्या चढावर त्यांचा उजवा गुडघा गेला. ते पाय घासत, झाडांच्या मुळ्या धरून चढत होते. वरची लोखंडी शिडी दिसायला लागली, ती संपली की माथा. भोईर तर शिडीच्या पायाशी पोचलाही होता. तेवढ्यात सबनीसांनी घड्याळ बघितलं आणि हात वर केला. "अकरा. फिरा मागे."

"साहेब, समोर तर आहे," शिर्के म्हणाले.

"असू दे. उतरायलाही पाय लागतात."

"साहेब, मी पोचतो. लिहून ठेवा, मी पोचतो." शिर्क्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते गुडघ्याचं नव्हतं. "दहा मिनिटं द्या फक्त. बाकीचे थांबू देत. मी एकटा जातो."

"अहो, कुठं लिहून ठेवू?" सबनीस म्हणाले, पण मऊपणे. त्यांनी शिर्क्यांची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली, त्यांचा हात आपल्या दुसऱ्या खांद्यावर ठेवला आणि अख्खा डोंगर त्यांच्या चालीने उतरले. एका सावलीत बसून त्यांनी आपल्या पंच्याची पट्टी फाडून शिर्क्यांचा गुडघा बांधला. शिर्के सगळा वेळ "सॉरी, साहेब, सॉरी" म्हणत होते.

खाली गावात हातपंपावर मी आणि सबनीस दोघंच होतो. तोंड धुताना ते म्हणाले, "लेले, तुमची माणसं चांगली आहेत. मी चार गावं केली. एका गावात कुणी माझ्याशेजारी जेवायला बसलं नाही. बरोबरच आहे त्यांचं. मी एकटाच जायचो वर. इथं पहिल्यांदा..." वाक्य पुरं न करता त्यांनी पंपाचा दांडा माझ्यासाठी हापसायला घेतला.

मी ओंजळ धरली आणि पाणी प्यालो. माणसं का येत होती ते तेव्हा सांगून कुणाचं भलं झालं असतं, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, शुक्रवारी, पुण्याहून नऊ नावं आली. पुण्याने वय आणि पगार बघितले होते, बाकी काही नाही. डोंगरावर जाणाऱ्यांपैकी एकट्या भोईरचं नाव होतं, कारण तो तरुण आणि स्वस्त होता. माझं नव्हतं. मला पुस्तकं बंद करण्यासाठी जूनपर्यंत ठेवणार होते. शिर्क्यांचं नव्हतं.

शिर्के सबनीसांच्या केबिनमध्ये गेले तेव्हा मी तिथं व्हाउचरवर सह्या घेत होतो. मी उठू लागलो तर शिर्के म्हणाले, "बसा लेले. तुम्हीही होतात."

ते उभेच राहिले. आवाज अगदी साधा होता.

"साहेब, मी एक रविवार चुकवला नाही."

"हो," सबनीस म्हणाले. "माहीत आहे मला."

"मग माझं नाव?"

"शिर्के, नावं पुण्याने काढली. मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. डोंगराचा आणि याचा काय संबंध?"

शिर्के त्यांच्याकडे बघत राहिले. मग सबनीसांनी पेन खाली ठेवलं. समजायला त्यांना थोडा वेळ लागला. ते समजत असताना मी त्यांचा चेहरा बघितला आणि मग बघवेना म्हणून व्हाउचरकडे बघितलं.

"म्हणजे तुम्ही सगळे... त्यासाठी येत होतात?"

"मग काय, साहेब?" शिर्के म्हणाले. "या गुडघ्यांनी हौस म्हणून येतो का कोण?"

त्यात राग नव्हता. राग असता तर सबनीसांना सोपं गेलं असतं. शिर्के दार हळूच ओढून घेऊन गेले. सबनीसांनी माझी उरलेली व्हाउचरं पुढे ओढली आणि एकेक वाचून सही केली, नेहमी करत तशीच. शेवटचं झाल्यावर म्हणाले, "रविवारची गाडी ठरलेली आहे ना?"

"आहे. रद्द करू?"

"नको. बाळारामने दुसरं भाडं सोडलं असेल. आणि कुणाला फोन करू नका. ज्याला यायचं असेल तो येईल."

म्हणून त्या रविवारी सहा वाजता आम्ही मानपाड्याला उभे होतो. सव्वासहा झाले, साडेसहा होत आले. फटफटलं. कल्याण-शिळ रस्त्यावरचे ट्रक वाढले, कारखान्यांकडून रोजचा तो आंबूस वास यायला लागला. रस्त्यापलीकडच्या दूध केंद्रावर शिर्के दिसले. अंगात घरातला सदरा, खाली लेंगा, हातात दुधाच्या पिशव्या आणि पायात ते दोन हजारांचे बूट. पैसे घातलेले बूट कपाटात ठेवून भागत नाही, हे मी समजू शकतो.

सबनीसांनी पिशवी धरलेला हात अर्धवट वर केला. शिर्क्यांनी आम्हाला बघितलं की नाही सांगता येत नाही. त्यांनी उरलेले सुटे पैसे मोजून खिशात टाकले आणि उजवा पाय थोडा ओढत गल्लीत वळले.

"चला," सबनीस म्हणाले.

आठ जणांच्या गाडीत दोघं बसलं की सामान नसलेल्या खोलीत बसल्यासारखं वाटतं. खड्ड्यात रिकाम्या सीटा वाजत होत्या. नेवाळी नाका गेला. कुशिवलीच्या पायथ्याला बाळारामने गाडी थांबवली, तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. सबनीस उतरले, दोन शेतं चालले आणि भात कापून कोरड्या पडलेल्या शेताच्या बांधावर बसले.

"जायचं ना वर?" मी विचारलं.

"आज नको."

ते डोंगराकडे पाठ करून बसले होते. समोर धुरकट उजेडात आमच्या बाजूचे टॉवर आणि चिमण्या दिसत होत्या. त्यांनी एक संत्रं सोलून अर्धं मला दिलं, अर्धं स्वतः खाल्लं. काकड्या काढल्याच नाहीत. मग त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "लेले, तुम्हीही त्यासाठीच येत होतात?"

"सुरुवातीला, हो."

"आणि नंतर?"

मी विचार केला. त्यांना बरं वाटेल असं काही सांगता आलं असतं, पण ते त्यांना खपलं नसतं. "नंतर वर्गणीचा हिशेब माझ्याकडे होता," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. हे उत्तर त्यांनी मान्य केलं असं वाटलं. निदान त्याला हरकत तरी घेतली नाही.

"आणि आज?"

"आज गाडी ठरलेली होती."

दहा वाजायच्या आत आम्ही नाक्यावर परत आलो. सबनीसांनी उरलेली संत्री आणि काकड्या बाळारामला दिल्या, पोरांना ने म्हणाले. बाळाराम ओशाळला. "शेट, दोघांचंच द्या. गारी रिकामीच गेली, वर पन कुठं गेलाव आपन?"

"ठरले होते ते आठांचे," सबनीस म्हणाले.

मार्चअखेर कुलूप लागलं त्या दिवशी मी बँकेत होतो. परत आलो तेव्हा ते निघून गेले होते. मधला महिनाभर ते ऑफिसात रोज दिसायचे, पण माझ्या लेखी शेवटचे दिसले ते त्या नाक्यावर, रिकामी पिशवी घडी करून काखेत मारून स्टेशनकडे चालत जाताना. एकसारखी चाल, मनगटाचं बटण लावलेलं. त्या दिशेने चालताना मलंगची रांग पाठीमागे राहते. ते वळून बघतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी बघितलं नाही.

निघण्याआधी मी माझ्या जागेचे दोनशे त्यांच्यापुढे धरले होते. ते त्यांनी घेतले, नीट बघून घेतले, आपल्या नोटांत मिसळले. बाळारामला सोळाशे दिले, त्यातले चौदाशे सबनीसांचे आणि दोनशे माझे.